हेसाबेड्याचे दगड

सारजोमडीह
९ ऑक्टोबर १९९६

लुकसमामा, जोहार.

मी जौनी. तुमच्या चुलतबहिणीची, सालगीची मधली मुलगी. आई गेली तेव्हा तुम्ही आसामहून आला होतात. सगळे रडत होते, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते आणि तुम्ही म्हणालात, "एवढं नाक खुपसतेस, एक दिवस नाक तिथेच राहील." तसंच झालं. नदीकाठचं लाखेचं जुनं गोदाम आता आमच्या गावाचं पुस्तकालय आहे आणि मी त्याची राखणदार. दमट दिवसांत भिंतींना अजून लाखेचा वास येतो.

पुस्तकं आहेत, पण खरी गर्दी होते ती कॅसेटींसाठी. मिशनच्या शाळेने बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर दिला. तो घेऊन मी आसपासच्या गावांत म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसते. गाव कसं वसलं, कोण कुठून आलं, कुठल्या सणाला काय गायचं, जे सांगतील ते भरून घेते. लोक कॅसेट पुस्तकासारखी घरी नेतात. परवा मुचिया मुंडू येऊन म्हणाला, "दोन दिवस बापाला नेतो, पोराचं लग्न आहे." नेला आणि मांडवात लावला. मेलेल्या आजेसासऱ्याने नव्या सुनेला चार शब्द ऐकवले, त्यातला एक शिवी होता. सगळे खूश.

आता काम सांगते. नदीपलीकडचं हेसाबेडा तुम्हाला ऐकून माहीत असेल. दुष्काळात तिथली माणसं तुमच्याकडे चहाच्या बागानात गेली आणि परत आलीच नाहीत. घरं पडली, आता तिथे झाडं आहेत. पण त्यांचं सासन, मेलेल्यांची जागा, आहे तिथेच. सालाच्या झाडांच्या सावलीत त्यांच्या पूर्वजांचे दगड पसरलेले आहेत आणि प्रत्येकाखाली कोणाची तरी हाडं आहेत. ती टेकडी आता एका ठेकेदाराला खडीसाठी मिळाली आहे. त्याच्या माणसांनी दगडांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आहेत. आमची माणसं कचेरीत गेली. तिथले साहेब काही वाईट नाहीत. ते म्हणाले, "दगड कोणाचे ते सांगा. वारस आणा. जानेवारी संपेपर्यंत मी थांबवतो. पण नुसतं 'पूर्वजांचे' म्हणून किती दिवस थांबवू?"

आम्ही दुसऱ्या किलीचे, दुसऱ्या कुळाचे. आमचे दगड वेगळे, आमचे मेलेले वेगळे. तिथे कंडुलना राहायचे एवढंच म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. मामा, तुमच्या बागानात कोणी कंडुलना आहे का?

तुमची
जौनी पुर्ती

*

हातीजान बागान, जि. तिनसुकिया
२ नोव्हेंबर १९९६

जौनी बेटी, जोहार.

पत्र पोचलं. आईसारखंच अक्षर आहे तुझं, मुंग्या चालल्यासारखं. आता मी फॅक्टरीतून मोकळा झालोय. कंबर मात्र मोकळी झाली नाही, काठी घेऊन फिरतो. सकाळी मिठाचा चहा पितो आणि शेजारणीशी भांडतो. बाकी काही उद्योग नाही.

तर ती शेजारीणच कंडुलना आहे! चामीकाकी. आमच्या दोघांच्या कुंपणावर एक फणस आहे. झाड तिच्याकडे, फळं माझ्याकडे लागतात, म्हणून जन्मभराचं वैर. ती हेसाबेड्यात सून म्हणून आली होती. वर्षादोनवर्षांत दुष्काळ पडला आणि नवऱ्याबरोबर इकडे आली. खालच्या लाइनीत, मजुरांच्या चाळीत, तिच्या कुळातली आणखी घरं आहेत, पण त्यांचा जन्म इथलाच. त्यांना हेसाबेडा म्हणजे झाड की मासा तेही माहीत नाही.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. पांढऱ्या रंगाचं ऐकल्यावर हातातलं सूप खाली ठेवलं तिने. मग म्हणाली, "सगळी नावं येतात मला. कोण कोणाच्या शेजारी, कोणाच्या पायाशी कोण, सगळं. सासूने आम्हा सुनांना बडवून पाठ करून घेतलंय. गाणं आहे त्याचं."

मी म्हटलं, "मग म्हण की."

"हाडं ठेवताना म्हणायचं गाणं आहे ते. तू मेलायस का?"

मी म्हटलं, अजून नाही. तर म्हणते, "मग वाट बघ."

अशी बाई आहे. तरी तू तुझं ते यंत्र पाठवून दे. मी बघतो.

लुकस बोदरा

*

सारजोमडीह
१४ नोव्हेंबर १९९६

मामा, जोहार.

तुमचं पत्र मी पुस्तकालयात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. फणसाचा भागसुद्धा. तिथे लोक टाळ्या वाजवत होते.

लाहा नावाचा आमचा एक जण शिलाँगला मजुरीचे राहिलेले पैसे आणायला चाललाय, तो वाट वाकडी करून टेपरेकॉर्डर आणि दोन कोऱ्या कॅसेटी तुमच्याकडे पोचवेल. लाल बटण दाबलं की लाल दिवा लागतो, दिवा आहे तोवर भरलं जातं.

पण मामा, चामीआजीला नीट समजावून सांगा. कदाचित तिला वाटत असेल की शहरातली माणसं येऊन गाणी घेऊन जातात आणि परत तोंड दाखवत नाहीत. आमच्याकडेही तसे येऊन गेलेत. सांगा की ही कॅसेट गावातच राहील, कपाटात, कुलपात. गायचं नसेल तर नुसती नावं सांगितली तरी चालेल. तिच्या मनाविरुद्ध काही नको. मात्र दिवस थोडे आहेत. ठेकेदाराने टेकडीच्या पायथ्याशी यंत्र आणून ठेवलंय.

जौनी

*

हातीजान बागान
२ डिसेंबर १९९६

जौनी बेटी,

काम झालं. म्हातारी खुशीने गायली. नुसती नावं सांगायला गेली तर पहिल्या दोनांनंतर अडखळते, चालीशिवाय नावं येत नाहीत म्हणते. म्हणून गाणंच भरलं. लाहाच्या परतीच्या वाटेवर कॅसेट दिली आहे. यंत्रही दिलंय. साहेबाला ऐकव आणि दगड वाचव.

कंबर फार दुखते, जास्त लिहीत नाही.

लुकस

*

सारजोमडीह
१४ डिसेंबर १९९६

मामा,

कॅसेट मिळाली. दार लावून एकटीनेच ऐकली. काय आवाज आहे हो! थकलेला आहे, पण एकदाही चुकत नाही. एकामागून एक नावं येतात आणि वाटतं कोणी अंधाऱ्या घरात एकेकाला हाक मारून उठवतंय. मला रडू आलं.

पण गाण्यात मधूनमधून झाडूचा आवाज आहे. पाहुण्याला गाणं ऐकवताना कोणी अंगण झाडत नाही, मामा. आणि शेवटी ती स्पष्ट विचारते, "लुकस, कुंपणाशी ती टोपली कोणाची? तिच्यात लाल काय चमकतंय?" मग तुमचा आवाज येतो, "निखारा आहे, काकी." ती म्हणते, "बांबूच्या टोपलीत निखारा ठेवतोस, गाढवा?" आणि मग खट्.

खुशीने गायली म्हणे!

मामा, मला तुमचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला, कारण मी दोन दिवस ही कॅसेट घेऊन कचेरीत जायचा विचार करत होते. पिशवीत भरलीसुद्धा होती. कोणाला कळलं असतं? आजी तिथे, तुम्ही काही बोलला नसतात. पण या गोदामात लोक आईबापांचे आवाज आणून ठेवतात ते कशाच्या भरवशावर? ठेव म्हणाल्यावर ठेवते, नको म्हणाल्यावर ठेवत नाही, एवढ्याच. ठेकेदार विचारल्याशिवाय दगड नेतोय म्हणून मी ओरडतेय आणि माझ्या कपाटात विचारल्याशिवाय आणलेलं गाणं? तोंड कुठल्या बाजूला करू?

कॅसेट परत पाठवते आहे. माझ्याशिवाय कोणी ऐकली नाही, तिची नक्कल केली नाही. ती आजीच्या हातात द्या आणि खरं काय ते सांगा. मोडायची तर मोडू दे तिला. दगडांचं आम्ही दुसरं काही बघतो. काय ते मला अजून सुचलेलं नाही.

जौनी

*

हातीजान बागान
२९ डिसेंबर १९९६

जौनी,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, हिच्या मदतीला जायलाच नको होतं. थंडीत पहाटे कंबर धरून कुंपणाशी बसलो कोणासाठी? ती रोज परसात झाडताना तेच गाणं गुणगुणते हे मला ठाऊक होतं, म्हणून टोपली ठेवली. चोरी कसली? आवाज कुंपणावरून माझ्याकडे आलाच असता, फणसासारखा.

चार दिवस कॅसेट घरात पडून होती. मग नाताळच्या दिवशी तांदळाचा गोड पिठा घेऊन गेलो तिच्याकडे. आधी पिठा दिला, मग कॅसेट दिली, मग दोन पावलं मागे सरकलो.

ती म्हणाली, "मारत नाही, बस. तो दिवा होता हे मला तेव्हाच कळलं होतं. पाती खुडण्यात आयुष्य गेलं, म्हणून निखारा ओळखत नाही का मी?"

मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

तर म्हणाली, "म्हटलं, बघू ती पोरगी काय करते."

मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून ती उठली. मला म्हणाली, "चल." परसात नेलं. वळचणीला एक मडकं टांगलेलं आहे, तोंडाला फडकं बांधलेलं. माझा जन्म इथे गेला, मी रोज ते मडकं बघतो. मला वाटायचं भोपळ्याचं बी असेल. जौनी, तो गांदूर आहे. तिचा नवरा. मी पोरगा होतो तेव्हा तापाने गेला. जाताना तिला म्हणाला होता, मला बापाशेजारी ठेव. तिने दहनातली हाडं उचलून ठेवली आणि तेव्हापासून जायचं जमलं नाही. आधी पोरं लहान, मग पैसे नाहीत, मग वाटायला लागलं की तिकडे आता काही उरलं नसेल. गाणं विसरू नये म्हणून रोज म्हणायची, पण अगदी हळू. का, तर मोठ्याने म्हटलं तर त्याला वाटेल आपल्याला न्यायला आले, आणि नेणारं तर कोणी नाही.

इतकी वर्षं मी तिच्याशी फणसावरून भांडत होतो.

पुढचं ती सांगते तसं लिहितोय:

"जौनी पोरी, तुझ्यावर राग नाही. लुकसवर आहे, पण तो जुना आहे. गाण्याला हाडं लागतात. माझ्याकडे हाडं आहेत. मला वाटलं होतं की तिकडे जागाच राहिली नाही. तू म्हणतेस दगड अजून आहेत. तर मी येते. सून करमी येईल. खालच्या लाइनीतली माणसंही म्हणतायत आम्ही येतो, बघू दे आमचं गाव झाड आहे की मासा. हे लुकसने त्यांना शिकवलंय. तुझ्या साहेबाला सांग, वारस रेल्वेने येतायत. तांदूळ आम्ही आणू. प्यायच्या हांडियाचं तुम्ही बघा."

एवढं तिचं. माझी कंबर मला तीन दिवसांच्या गाडीत बसू देणार नाही. तेव्हा सगळं नीट बघ आणि मला लिही. काही गाळू नकोस.

लुकस

*

सारजोमडीह
२ फेब्रुवारी १९९७

लुकसमामा, जोहार.

काही गाळत नाही.

मंडळी रांचीला उतरली आणि बसने आमच्याकडे आली. चामीआजीने मडकं सगळ्या वाटेत मांडीवरून उतरवलं नव्हतं. बसच्या कंडक्टरने विचारलं, "आजी, यात काय? वर ठेवू?" ती म्हणाली, "माझा माणूस आहे. तिकीट काढू का?" तो बिचारा मागच्या दारात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून गेलो. आमच्या गावातली सगळी माणसं होती. कचेरीचे साहेब आले, ठेकेदाराचा मुकादमही आला आणि यंत्राला टेकून उभा राहिला. मला वाटलं होतं की आजी जागा बघितल्याबरोबर ओळखेल. ती काठावर उभी राहिली आणि म्हणाली, "हे नाही." ती लग्न होऊन आली तेव्हा नदी पलीकडच्या अंगाने वाहत होती म्हणे, आणि सालाची झाडं आता दुप्पट झालीत. करमीने तिचा हात धरला. ती दगडांमधून हळूहळू फिरली, एकेकावर तळवा ठेवत गेली, पांढऱ्या रंगावरसुद्धा. शेवटी वरच्या अंगाला एक मोठा, एका बाजूने तुटलेला दगड आहे, त्याच्यापाशी थांबली. तिथे बसली आणि तिने गाणं सुरू केलं.

कॅसेटमधला तो आवाज नव्हे. मोठ्याने, उघडपणे गायली. एक नाव घ्यायची, त्या दगडाशी जायची, तांदळाचे दाणे टाकायची, पुढचं नाव घ्यायची. बागानातली तुमची माणसं तिच्यामागून चालत होती. आपल्या पणज्याचं नाव आलं की त्यांच्यातलं कोणीतरी थबकायचं.

मग एका ठिकाणी गाणं अडलं. तिने एका बाईचं नाव घेतलं, पायाशी वाकून दाणे टाकायला गेली आणि तिथे दगडच नव्हता. गवत होतं आणि वारूळ. पुढचा दगड त्याच्यापलीकडे. तिने मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच येऊन थांबली. मुकादम हसून म्हणाला, "चुकली म्हातारी." आमच्यातल्याही काहींनी माना खाली घातल्या. मी आजीजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आजी, हे नाव सोडून पुढे गेलं तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात विसरणार नाही. "सासूची सासू आहे ती. सोडू कशी? खणा."

करमीने कुदळ घेतली. तुमच्या लाइनीतले दोघं पुढे झाले. वारूळ फोडलं, माती ओढली. गुडघाभर खणलं तरी काही नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. आणि मग कुदळ खणकन वाजली. मामा, तो आवाज! सगळे धावले. हातांनी माती बाजूला केली तर खाली आडवा, सपाट, अख्खा दगड, खाली छोटे टेकू दिलेले, जसा ठेवला होता तसा. आजी मात्र धावली नाही. तिने तिथल्या तिथे दाणे टाकले आणि पुढचं नाव घेतलं.

साहेब खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी तिला विचारलं, "आणखी कोणी आहे का खाली?"

"आहेत ना. धीर धरा, येतंय."

आणखी एक निघाला. तिसऱ्या वेळी कोणी खणलं नाही, साहेबच म्हणाले, "राहू दे, यांचा त्रास नको." मग ते मुकादमाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. संध्याकाळी यंत्र खाली रस्त्याकडे गेलं. पुढल्या आठवड्यात कचेरीचा आदेशही आला. सासन आणि त्याच्या भोवतालची झाडी खडीतून वगळली आहे. टेकडीची मागची बाजू मात्र ठेकेदाराकडेच राहिली. सगळं मिळालं नाही हे तुम्हाला खरं सांगते.

गांदूरआजोबांना त्यांच्या बापाच्या दगडाखाली ठेवलं. चौघांनी दगड उचलून धरला, आजीने मडक्यातली हाडं स्वतःच्या हाताने आत सरकवली आणि कोणी झोपलेल्याशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटली. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. तेवढ्यात पोरी नदीवरून वाळू आणि पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी घासघासून पांढरा रंग काढला. मग हांडिया. मग नाच. तुमची माणसं पहिल्यांदा चुकतमाकत नाचली, नंतर आम्हाला थांबवावं लागलं.

दुसऱ्या सकाळी आजी स्वतः पुस्तकालयात आली. सगळी कपाटं उघडून बघितली, नाक लावून भिंतीचा वास घेतला. मग म्हणाली, "लाव तुझा लाल दिवा." मी विचारलं, खरंच? तर तिने अटी सांगितल्या. गाणं फक्त कंडुलनांनी ऐकायचं, आणि तेही हाडं ठेवायची असतील तेव्हाच. नावं मात्र सगळ्यांना सांगायची, शाळेतल्या पोरांना, साहेबांना, मुकादमालासुद्धा. "नावं लपवण्यासाठी नसतात," म्हणाली.

तशी कॅसेट आता वेगळ्या पेटीत आहे. ते बघून मुचिया मुंडू म्हणतो, आमचीही एक अट घाल, फुलांच्या सणाची गाणी भातलावणीत वाजवायची नाहीत. मी ती घातली. आता सगळेच अटी सांगायला येतात आणि त्या निमित्ताने गाणीही देऊन जातात. एक अट तुमच्यासाठी आहे. आजी म्हणाली, लुकसच्या हातात यंत्र देऊ नका.

जौनी

*

हातीजान बागान
२० एप्रिल १९९७

जौनी बेटी, जोहार.

तुझं पत्र मी आता इतक्यांना वाचून दाखवलंय की घड्यांवर ते फाटलंय. तुझ्या त्या अटीच्या ठिकाणी सगळे हसतात, मीही हसतो, काय करणार.

माझ्या ओसरीवर रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन बसतं. वरच्या लाइनीतला पतरस म्हणतो, आमच्या आजीला गावाचं नाव माहीत होतं, शेवटी 'हातू' येतं. मी म्हटलं, हातू म्हणजेच गाव, अर्ध्या मुलखातल्या गावांच्या शेवटी हातू येतं. पण त्याच्या आईला एक सणाचं गाणं येतं आणि त्यात नदीचं नाव आहे. एक बाई दुसऱ्या बागानातून सायकलवर बसून आली, तिला फक्त गावातल्या विहिरीची गोष्ट माहीत आहे, तिच्यात बैल पडला होता म्हणे. तुमच्या कॅसेटींत कुठे असा बैल आहे का, बघ. हे लोक इथे कोणाला काही विचारत नव्हते, जौनी, कारण विचारून काय करायचं असं वाटायचं. आता विचारतात. मी काही पुस्तकालय नाही, पण बसायला चटई टाकतो आणि मिठाचा चहा देतो.

चामीकाकी बरी आहे. बरी म्हणजे तिकडून आल्यापासून बसतच नाही. खालच्या लाइनीतल्या सुना गोळा करते आणि त्यांना गाणं शिकवते. सासूने शिकवलं तसंच, म्हणजे पाठीत धपाटे घालत. करमीला सगळं आलंय, फक्त एका वळणावर तिचा आवाज खाली घसरतो आणि म्हातारी कपाळाला हात लावते. हे सगळं कुंपणापलीकडे चालतं आणि मला ऐकू येतं. मी म्हटलं, "काकी, मी कान झाकू का?" तर म्हणाली, "ऐक, पण पाठ करू नकोस."

काल ती आली. तुला एक निरोप लिही म्हणाली. मी कागद घेतला. तर ती आधी मला म्हणाली, "पहिल्यांदा विचार, कॅसेट शेवटपर्यंत भरली का?"

मी म्हटलं, "का? काही राहिलं का गायचं?"

"गांदूरचं नाव मी गाण्यात शेवटी घातलं. त्याच्यानंतर थोडी कोरी ठेवलीय का विचार. नसेल तर म्हणावं दुसरी आण. करमीचा आवाज सुधारला की ती येऊन पुढचं नाव भरेल. त्याच्या शेजारचा दगड मी बघून आलेय, उन्हात असतो, चांगला आहे."

मी पेन थांबवलं. ती म्हणाली, "लिही ना, असा काय बघतोस? घाई नाही म्हणून लिही. फणसाचा हंगाम होऊ दे."

तर लिहिलं. कळव.

लुकस